अठरा डब्यांतला सिनेमा

चित्रपटाशी माझा संबंध तिकीट काढून आत बसण्यापुरता. बी.ए. झालो, पोटासाठी नोकरी केली, उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. कॅमेऱ्यामागे कधी उभा राहिलो नाही. तरीही एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संवाद साहाय्य’ म्हणून माझं नाव आहे. तेही चुकलेलं. मणेरचं मेनन झालंय. दिग्दर्शक केरळचा होता. त्यानं घाईत खरडून दिलेला कागद वाचताना पाटी रंगवणाऱ्याचा गोंधळ झाला असावा. चित्रपट वीस मिनिटांचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या एका विद्यार्थ्याचा डिप्लोमा चित्रपट. साल १९८८. त्याच्या निमित्तानं या गावात साठ-पासष्ट वर्षं विद्यार्थी जे छोटे छोटे चित्रपट करत आले, त्यांच्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

लॉ कॉलेज रस्त्यावरची ती जागा मूळची ‘प्रभात’ची. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चार कलावंत आणि पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी. यातले शेख फत्तेलाल कागलचे, हाडाचे चित्रकार. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामले आणि साहेबमामा या जोडीनं १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचा देहू पडद्यावर उभा करणाऱ्या दोन हातांपैकी एक हात मुसलमान चित्रकाराचा होता, याचं त्या काळी कुणाला फारसं नवल वाटलं नसावं. आज मला ते वाक्य जरा थांबून सांगावं लागतं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रभात बंद पडली. १९६० साली केंद्र सरकारनं त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार. ज्या आवारात त्यांनी १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ रंगवला, तिथंच ते पोरांना शिकवायला आले. १९७४ मध्ये टेलिव्हिजनचं शिक्षणही दिल्लीहून तिथंच आलं आणि संस्थेचं नाव लांबलं. पण पुणेकरांच्या तोंडी ती ‘फिल्म इन्स्टिट्यूट’च राहिली.

सिनेमा शिकायची गोष्ट तशी त्याहून बरीच जुनी. दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवल द्यायला कुणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यांची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर टिपली. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. जेमतेम मिनिटभराचा हा चित्रपट. हात बसवायचा, समोरच्याला ‘मला हे जमतं’ हे दाखवायचं आणि खर्च कमीत कमी करायचा. विद्यार्थ्याच्या चित्रपटाचं तेव्हापासून आजवर हेच धोरण आहे. आपल्याकडचा पहिला विद्यार्थी चाळिशीचा होता, एवढाच फरक.

इन्स्टिट्यूटमधल्या पोरांना मात्र गुरू लाभले. १९६५च्या आसपास ऋत्विक घटक तिथं होते. थोडाच काळ होते, पण मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही मंडळी त्यांचं नाव शेवटपर्यंत घेत राहिली. आवारात एक आंब्याचं झाड आहे, त्याखाली वर्गाबाहेरचे वर्ग भरत. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी देशोदेशीचे चित्रपट जमवले आणि खेड्यापाड्यांतून आलेली पोरं रोज संध्याकाळी जपान, फ्रान्स, रशिया बघू लागली. बाकीच्या गावांत पोरं चित्रपट बघून घरी जात. इथली पोरं बघून परत कामाला लागत.

काम कसलं? तर अखेरच्या वर्षी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन शिकणाऱ्या एकेकानं मिळून चौघांनी एक चित्रपट करायचा. पस्तीस एमएमच्या फिल्मवर, म्हणजे थिएटरात लागतो तसा. आता फिल्मचं गणित सांगतो, कारण आमच्या घरात पुढं जे घडलं ते या गणितामुळं. सेकंदाला चोवीस चित्रं. एका फुटात सोळा चित्रं, त्यांना फ्रेम म्हणतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म संपते. चारशे फुटांचा डबा कॅमेऱ्यावर चढवला, तर साडेचार मिनिटांच्या आत रिकामा. आमच्या दिग्दर्शकाला वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी त्याच्या चौपट फिल्म मिळाली होती. अठरा डबे. त्यातच चुका, त्यातच पुन्हा घेणं, त्यातच ऊन गेलं म्हणून वाया जाणं. रेशनच्या साखरेसारखा तो त्या डब्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवायचा.

तो आमच्याकडं आला तो बांगड्या बघायला. रविवार पेठेतल्या एका बोळात आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि ते माझी फुफी, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, चालवायची. लग्नानंतर सहा वर्षांत ती विधवा होऊन माहेरी आली आणि गल्ल्यावर बसली. आम्ही मणेर, बांगड्या भरणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पेठांतल्या कितीतरी नवऱ्यामुलींचा हिरवा चुडा तिनं भरला होता. चुडा भरून झाला की मुलगी वाकून तिला नमस्कार करायची आणि फुफी वर एक बांगडी जास्तीची द्यायची. तो पोरगा तीन तास दुकानाच्या पायरीवर बसून हे बघत होता. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चित्रपट करायचा आहे, यांच्यावरच.

अब्बा भडकले. तसबीर काढणं त्यांच्या मते गुनाह आणि बाईची तसबीर म्हणजे तर बोलायलाच नको. खुद्द फुफीही फोटोच्या बाबतीत कडक. तिचा लग्नातलासुद्धा फोटो नव्हता. त्यामुळं प्रश्न मिटल्यातच जमा होता. पण अब्बांनी सिनेमावाल्यांच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “शेख फत्तेलाल कौन थे, भाईजान? मुसलमानच थे ना? तुकाराम देखने कू तुमीच तो मेरे कू लेको गए थे.” ते खरं होतं. गावाकडच्या जत्रेत तंबूतल्या टुरिंग टॉकीजला अब्बा तिला घेऊन गेले होते, तेव्हा दोघंही लहान होती. अब्बा गप्प झाले. मग फुफीनं त्या पोराला अट घातली, “मूं नै दिखना. हातां लेव, कित्ते बी लेव.”

चेहरा नाही, फक्त हात. त्यानं लिहून आणलेल्या कथेत एक विधवा कासारीण होती आणि तिचे डोळे तीन वेळा भरून येत होते. ती सगळी कथा एका वाक्यात गेली. मला वाटलं, आता हा दुसरीकडं जाईल. तो रात्रभर बसला आणि सकाळी नवे कागद घेऊन आला. दुकानातला एक दिवस, फक्त हातांचा. मेंदीचा हात, भांडी घासून खडबडीत झालेला हात, शाळेतल्या बाईंचा खडूनं माखलेला हात, आणि एक हात बांगड्या उतरवायला आलेला. बोलणं सगळं चौकटीच्या बाहेरून ऐकू येणार. ते लिहायचं काम माझ्याकडं आलं.

मी एकोणीस-वीस वर्षांचा, नुकत्याच दोन कविता छापून आलेल्या. मी फुफीच्या तोंडी चांगली उपमा-उत्प्रेक्षांची वाक्यं घातली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, “बांगड्यां भरते वखत ऐसा कौन बोलता रे?” मग ती प्रत्यक्षात काय बोलते ते ऐकायला मी आठवडाभर दुकानात वही घेऊन बसलो. ती बोलायची ते एवढंच: हात सैल सोड. अंगठा आत घे. सासर कुठलं? कॉलेजातल्या चार वर्षांपेक्षा मी त्या आठवड्यात जास्त शिकलो, असं म्हणायचा मोह होतो. कॉलेजवर थोडा अन्याय होईल, पण होऊ दे.

शूटिंग पाच दिवस चाललं. आठ बाय दहाच्या दुकानात कॅमेरा, तिवई, तीन दिवे आणि सहा माणसं. उजेड परतवायला थर्माकोलचे पांढरे तक्ते. भिंगापासून हातापर्यंतचं अंतर छायाचित्रकार शिंप्यासारखं टेपनं मोजायचा, कारण दोन बोटं इकडंतिकडं झालं तरी चित्र धूसर. प्रत्येक दृश्याची आधी फिल्मशिवाय कोरडी तालीम, पाच-पाच, सात-सात वेळा. तालमीत बांगड्या फुटायच्या, मग पुढच्या तालमीला नव्या. दिग्दर्शक डबे मोजायचा आणि फुफी काचेच्या बांगड्या मोजायची. दोघांच्या वह्या शेजारी शेजारी.

एकदा तिनं विचारलं, या पट्टीचं माप काय? त्यानं सांगितलं, फुटात सोळा चित्रं. ती खूश झाली. बांगडीचं मापही आण्यांतच असतं. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, दोन-सहा, दोन-आठ. सोळा आण्यांचा इंच. “मतलब तेरा फूट सोला आने का,” ती म्हणाली, आणि तिथून पुढं ती त्याच्याशी आण्यांतच बोलू लागली. हा शॉट सहा आणे लांब झाला, तो चार आणे कमी कर. युनिटमधले सगळे हसायचे, पण ती सांगायची ते बहुतेक बरोबर असायचं.

आवाजाचं वेगळंच. कॅमेरा चालू झाला की शिवणयंत्रासारखा घरघरायचा, त्यामुळं आवाज रात्री, रहदारी थांबल्यावर, नाग्रा नावाच्या टेपरेकॉर्डरवर वेगळे घ्यायचे. ध्वनी शिकणाऱ्या मुलानं बांगड्या हातात घेऊन किणकिणवल्या. फुफी आतून ओरडली, या रिकाम्या बांगड्या आहेत! हातातल्या बांगडीचा आवाज आणि नुसत्या बांगडीचा आवाज एक नसतो, हात तो आवाज खातो. मग माझ्या धाकट्या बहिणीला उठवून, तिच्या हातात डझनभर भरून तो आवाज रात्री दोन वाजता घेतला. तो मुलगा म्हणाला की हे त्याला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

महिन्या-दीड महिन्यानं एका संध्याकाळी दिग्दर्शक सायकलवरून आला, चेहरा उतरलेला. संकलनाच्या टेबलावर पुढं-मागं करून बघताना त्यांना एक गोष्ट सापडली होती. चित्रपटातला सगळ्यांत लांब शॉट, दीड मिनिटाचा, एका हातात पुरा चुडा चढतो तो. त्यात मधेच कुणीतरी काचेच्या कपाटाचं दार ढकललं होतं आणि त्या काचेत क्षणभर फुफीचा चेहरा आला होता. स्वच्छ आला होता. शूटिंगच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावरही कुणाच्या लक्षात आलं नसतं, अर्ध्या सेकंदाहून कमीची गोष्ट. आणि पुन्हा घ्यायला डबा उरला नव्हता. अठरावा केव्हाच संपला होता.

तो न सांगताही राहू शकला असता. मला हे अजून वाटतं. पण तो आला, दाराबाहेर चपला काढून बसला आणि सगळं सांगितलं. फुफीनं विचारलं, “कित्ते आने का है मेरा मूं?”

“नौ,” तो म्हणाला. नऊ फ्रेम.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नौ आने मेरे कू दे. बाकी सब तेरा.” पुढं तिनं हेही विचारलं, की फोटो स्टुडिओवाले काच ठेवून घेतात तसं काही मागं राहत नाही ना? त्यानं कबूल केलं की मूळ निगेटिव्ह असते, आणि त्यातूनही तेवढा तुकडा काढायचं वचन दिलं. त्याचा सर्वांत चांगला शॉट असा मधोमध तुटला. तुटल्या जागी त्यांनी दुसऱ्या हाताचं एक छोटं दृश्य लावलं. बघणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखंच वाटतं. आठवड्यानं तो पाकिटात नऊ फ्रेमचा तुकडा घेऊन आला. वीतभरही लांब नव्हता तो.

खेळ इन्स्टिट्यूटच्याच थिएटरात झाला. फुफी बुरख्यात, माझ्याशेजारी बसली. अब्बा आले नाहीत, ‘किती वाजता सुटेल’ एवढं विचारलं. भिंतीएवढ्या पडद्यावर तिचे हात आले, नखाशेजारची चिरसुद्धा दिसत होती. ती कानाशी कुजबुजली, “कित्ते बुढ्ढे हो गए.” आणि शेवटी पाट्या आल्या, त्यात मी मेनन.

असे चित्रपट पुढं जातात कुठं? बहुतेक कुठंच जात नाहीत. थिएटरला लागत नाहीत, दूरदर्शनवर एखादा लागला तर लागला. काहींचं नशीब मात्र उघडतं. विधू विनोद चोप्रांच्या ‘मर्डर ॲट मंकी हिल’ या १९७६च्या डिप्लोमा चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आपल्या उमेश कुलकर्णींनी २००४ मध्ये ‘गिरणी’ केला. आई घरात पिठाची गिरणी घालते आणि पोराचं आयुष्य त्या आवाजात सापडतं, एवढीच गोष्ट. तोही राष्ट्रीय पारितोषिकापर्यंत गेला. पायल कपाडियांचा १३ मिनिटांचा विद्यार्थिदशेतला चित्रपट २०१७ साली कान महोत्सवात दाखवला गेला. २०२० मध्ये अश्मिता गुहा नियोगींच्या ‘कॅटडॉग’ला तिथल्या विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस मिळालं. २०२४ मध्ये ते चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड चित्रपटाला मिळालं. गावातला कोंबडा पळवणाऱ्या म्हातारीची ती लोककथा. त्याच वर्षी पायल कपाडियांना मोठ्या चित्रपटासाठी कानचं ग्रां प्री मिळालं. यादी वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात येते: गिरणी चालवणारी आई, दुपारी घरात असलेली विधवा काकी आणि तिची मोलकरीण, कोंबडा चोरणारी म्हातारी. मोठ्या सिनेमानं ज्यांना दारातून वळसा घातला, त्यांच्या घरात ही पोरं शिरली. पैसे नव्हते म्हणूनही असेल. खरं घर फुकट मिळतं.

पण टंचाईचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. अठरा डब्यांनी हात बांधले होते, हेही खरं. आमच्या चित्रपटात बांगड्या उतरवायला आलेल्या बाईचा हात एकदाच घेता आला, आणि तो नीट आला नाही. कॅमेरा हलला आहे. दुसरा टेक मिळाला असता तर ते दृश्य चित्रपटाचा प्राण ठरलं असतं, असं दिग्दर्शक म्हणायचा. आता माझी मुलगी तिच्या अभ्यासक्रमासाठी मोबाइलवर चित्रपट करते. परवा एका दृश्याचे तिनं एकतीस टेक घेतले. मी काही बोललो नाही.

फुफी १९९९ मध्ये गेली. ८ जानेवारी २००३ ला इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली, तेव्हा मी सायकल काढून फाटकापर्यंत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. तिथंच कुणीतरी समजावलं की जळाली ती नायट्रेटची फिल्म, १९५०च्या आगेमागे बनणं बंद झालेली, पाण्यातसुद्धा जळते अशी. त्यात प्रभातचाही ठेवा होता. तुमचा १९८८चा चित्रपट ॲसिटेटवर असणार, तो असा पेटत नाही. मग त्याला काय होतं, मी विचारलं. तो आंबतो, तो माणूस म्हणाला. हळूहळू त्यातून आम्ल सुटतं, व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते.

ते नऊ आणे फुफीच्या गल्ल्यातल्या पत्र्याच्या डबीत सापडले. मोडीच्या बांगड्यांच्या काचा, दोन जुनी नाणी आणि ते पाकीट. खिडकीपाशी धरलं की दिसतं: काचेतला उलटा चेहरा, खाली बघत असलेला, नऊ वेळा, जवळजवळ तसाच. तिची याखेरीज दुसरी तसबीर जगात नाही. गेल्या पावसाळ्यात डबी उघडली तेव्हा आंबूस वास आला. पत्र्याच्या बंद डबीत तो वास कोंडतो आणि फिल्म आणखी लवकर खराब होते, असं कळलं. म्हणून आता ती कागदात, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.

मुलगी म्हणते, अब्बा, दोन मिनिटांचं काम आहे, स्कॅन करून ठेवते, मग कधीच खराब होणार नाही. तिचं खरं आहे. पण ‘मागं काही राहत नाही ना’ असं विचारून, मूळ निगेटिव्हमधूनसुद्धा काढायला लावून फुफीनं तो तुकडा स्वतःकडं घेतला होता. मुलीला मी म्हटलं, ईदनंतर बघू. ती ईद होऊन गेली.